रेडिओ बोलू दे आपल्या बोलीत



सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका रेडिओ केंद्रावरून मला भाषणाचे बोलावणे आले. विषय होता बीजप्रक्रिया. तीन रात्री जागून मी दहा मिनिटांचे भाषण लिहिले. इस्त्रीचा सदरा घालून गेलो, घसा खाकरून वाचले आणि मोठे काम केल्याच्या समाधानात परत आलो. भाषण लागल्यानंतर दोन दिवसांनी धानोऱ्यात एका ओळखीच्या घरी ओट्यावर बसलो होतो. चहा आला. मी सहज विचारले, "आजी, माझं भाषण ऐकलं का?"

आजी म्हणाली, "ऐकलं ना भाऊ. गाणं संपलं, तुमचं नाव सांगितलं, मग आम्ही रेडिओ बंद केला. सेल उगाच जळतात."

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप आली नाही. आजीने माझा अपमान केला नव्हता, फक्त हिशेब सांगितला होता. सेलला पैसे पडतात. माझ्या भाषणाची किंमत तेवढी नव्हती.

पत्रकावरची चौथी ओळ

त्यानंतर काही वर्षांनी याहून वाईट अनुभव आला. कपाशीवर फवारणीचे दिवस होते. भर दुपारी, वाऱ्याकडे तोंड करून, तोंडाला फडके न बांधता एक तरुण फवारत होता. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून तो वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात आमच्याच खात्याचे पत्रक सापडले. नीट चार घड्या घालून ठेवलेले. त्याला वाचता येत नव्हते. "साहेबांनी दिलं आहे," म्हणून त्याने ते जपून ठेवले होते.

त्या पत्रकाच्या चौथ्या ओळीत लिहिले होते, ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.’ ती ओळ मीच लिहिली होती.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती बातमी वाचताना मला तो खिसा आणि ते पत्रक आठवले. सल्ला खिशात राहिला तर माणूस वाचत नाही. तो कानातून मनात उतरावा लागतो. तो कसा उतरेल, याचा विचार करता करता मी रेडिओपाशी आलो. भाषणाच्या रेडिओपाशी नव्हे, तर हसण्याच्या, नाटकाच्या आणि कबड्डीच्या रेडिओपाशी.

पुण्याचा धडा

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत फार पूर्वी देशाला वाट दाखवली आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. म्हणजे रेडिओ एकतर्फी बोलत नव्हता, तो ऐकतही होता.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. तुलनेसाठी त्यांनी आणखी दोन प्रकारची गावे घेतली. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांतील लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडलेला नव्हता. वाचकहो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नुसता डबा आणून ठेवल्याने गाव शहाणे होत नाही. चार माणसे एकत्र बसून ऐकतात आणि बोलतात, तेव्हा ज्ञान मुरते. १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

पण चार माणसे एकत्र बसावीत कशी? दिवसभर वावरात राबलेला माणूस संध्याकाळी भाषणाला बसत नाही. गोष्टीला बसतो. पुणे केंद्राला हे कळले होते. त्याच्या ग्रामीण विभागात १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकर काम करत होते. शंकर पाटील यांनीही काही काळ तेथे नोकरी केली. दोघेही नामवंत कथाकार. शेतकऱ्याची भाषा, त्याचा तिरकसपणा, त्याचे मौन, हे सगळे त्यांना ठाऊक होते. शेतीच्या कार्यक्रमाला कथाकार लागतो, हे ज्याला सुचले त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

हसता हसता

मुंबई आकाशवाणीवरचा ‘पुन्हा प्रपंच’ जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी. तिघांच्या गप्पा आणि विषय रोजच्या जगण्यातले. भावजींनी गैरसमज करून घ्यायचा, वहिनींनी तो काढायचा, पंतांनी मध्येच बोट ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटायचे की ही मंडळी आपल्याच शेजारी राहतात. उपदेश केव्हा झाला हे कळायचेही नाही.

त्याची आठवण ठेवून धानोऱ्यात मीही एकदा हात चालवून पाहिला. बचत गटातल्या दोन भगिनी, एक शिक्षक आणि मी, अशी आमची मंडळी. मोबाईलवर आवाज मुद्रित करायचा आणि संध्याकाळी भोंग्यावर लावायचा, एवढीच यंत्रसामग्री. पहिले प्रहसन मी लिहिले, शुद्ध पुस्तकी मराठीत. लोकांनी दोन मिनिटे ऐकले आणि ते उठून गेले. "हे साहेब लोकांचं नाटक आहे," असा शेरा मिळाला.

मग त्या दोघींपैकी थोरल्या बाईंनी कागद बाजूला सारला. "तुम्ही फक्त काय सांगायचं ते सांगा, कसं सांगायचं ते आम्ही बघतो," म्हणाल्या. त्यांनी ते आपल्या बोलीत घेतले. इथे वाचकांच्या सोयीसाठी मी साध्या मराठीत देतो. तात्या फवारणीला निघाले आहेत आणि काकू त्यांना अडवत आहेत.

"अहो, वाऱ्याकडं तोंड करून फवारू नका."

"वारा तोंडावर आला की थंड वाटतं."

"वाटू द्या. थंडच पडाल."

एवढेच. पण गाव खो खो हसले. दुसऱ्या दिवशी वावरात एक जण उघड्या तोंडाने फवारताना दिसला, तर बांधावरून पोरे ओरडली, "थंडच पडाल!" त्याने चिडून शिवी दिली आणि मग गळ्यातला रुमाल तोंडाला बांधला. माझी पत्रके इतकी वर्षे जे करू शकली नाहीत, ते दोन शब्दांनी केले.

विनोदाला एक पथ्य मात्र आहे, तेही सांगतो. पुढच्या एका प्रहसनात आम्ही एका तोतऱ्या माणसाची नक्कल घातली. लोक हसले. पण गावात एक मुलगा खरेच तोतरे बोलत असे. तो चार दिवस शाळेत गेला नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नियम केला की हसायचे ते चुकीला, हट्टाला आणि फुशारकीला. गरिबीला, व्यंगाला आणि जातीला कधीही हसायचे नाही. आणि जमेल तेव्हा साहेबाला अवश्य हसायचे. आमच्या प्रहसनात एक कृषी अधिकारी असतो. तो ‘हेक्टरी’ आणि ‘मिलिलिटर’ यांच्या पलीकडे काही बोलत नाही. तो कोण, हे सांगायला नको.

नाटकातले शेत

विनोद एक ओळ लक्षात ठेवायला लावतो. पण हंगामभर चालणारी गोष्ट सांगायची तर नाटक हवे, तेही मालिकेसारखे, दर आठवड्याला पुढे सरकणारे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात अन्नधान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांनी नव्या पद्धती घ्याव्यात म्हणून बीबीसी कार्यक्रम करत होती, पण ते रुक्ष होत. १९४८ साली बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एका शेतकऱ्यानेच सुचवले की, त्या काळी लोक ज्या उत्कंठेने हेरकथेची मालिका ऐकत, तशी शेतीची मालिका काढा. त्यातून ‘द आर्चर्स’ ही एका शेतकरी कुटुंबाची कथा जन्मली. १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर ऐकू येऊ लागली आणि आजही चालू आहे. सुरुवातीच्या काळात शेतकी खात्याचा सल्ला कथेत बेमालूम मिसळलेला असे.

आपल्या देशातही असे घडले आहे. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीने ‘तिनका तिनका सुख’ ही हिंदी नाट्यमालिका १०४ भागांत प्रसारित केली. ती ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुत्सान नावाच्या गावातील लोकांनी हुंडा देणार नाही आणि घेणार नाही, अशा प्रतिज्ञेवर सह्या-अंगठे करून पत्र पाठवले. एका गावाने नाटक ऐकून असे ठरवावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता आपल्याकडे पाहा. गुलाबी बोंडअळीची गोष्ट नाटकासाठीच घडली आहे असे मला वाटते. अळी फुलात शिरते, पाकळ्या न उमलता एकमेकींना चिकटून राहतात. तिला आपण डोमकळी म्हणतो. दिसायला गुलाबाच्या कळीसारखी सुंदर, आत मात्र शत्रू. पहिल्या भागात नवी सून डोमकळी ओळखते, सासरा ऐकत नाही. दुसऱ्या भागात एकरी दोन कामगंध सापळे लागतात. तिसऱ्या भागात सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग सापडतात, आणि त्याच वेळी दुकानदार तिसरेच महागडे औषध गळ्यात मारू पाहतो. फवारावे की थांबावे? इथे भाग संपवावा. आठवडाभर गावात हीच चर्चा होईल. ‘तीन रात्री, आठ पतंग’ हा आकडा पाठ करून घ्यावा लागणार नाही.

आपल्या भागाला नाटक शिकवायला बाहेरचा माणूस नको. नवापूर-नंदुरबारकडच्या सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र लोकांना खिळवून ठेवतात. खानदेशात वही गायनाची परंपरा आहे, कानबाईची आणि गुलाबाईची गाणी घराघरांत आहेत. भिली, मावची, कोकणी, पावरी, अहिराणी, गुजरी, अशा किती बोली या एका जिल्ह्यात नांदतात! आमचे पत्रक मात्र एकाच भाषेत निघते आणि तीही धड कोणाच्या घरची नाही.

मैदानावरचा आवाज

तिसरा विषय खेळाचा. तरुण पोरांना शेतीच्या कार्यक्रमाला बसवणे अवघड, पण सामन्याला बोलवावे लागत नाही. क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत रुजवले ते बाळ ज. पंडित यांनी. त्यांच्या आवाजामुळे ज्यांनी मैदान कधी पाहिले नाही त्यांनाही चेंडू दिसला.

गावच्या कबड्डीला असा आवाज का मिळू नये? सामना रंगात आला आहे, चढाईला गेलेला पोरगा मध्यरेषेला हात लावतो आहे आणि त्याचे नाव रेडिओवर घेतले जात आहे. घरी भाकरी थापणारी त्याची आई हात थांबवून ऐकेल. जिच्या मुलाचे नाव रेडिओवर आले ती त्यानंतरची पाच मिनिटे रेडिओ बंद करणार नाही. कबड्डीत वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते. ती पाच मिनिटे मला द्या. मी भाषण करणार नाही, तात्या आणि काकूंना पाठवीन.

मुलींचा खो-खो, यात्रेतल्या कुस्त्या, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्यांचा बाजार, हे सारे धाव घेणारे विषय आहेत. त्यात आपली माणसे आहेत, म्हणून ते ऐकले जातील.

गावाचा स्वतःचा रेडिओ

गंमत अशी की गावाला रेडिओचा हक्क मिळण्याच्या वाटेवरही एक खेळच आला होता. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले की, ध्वनिलहरी वाहून नेणारे हे आकाश सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओचे धोरण खुले केले. त्यामुळे नोंदणीकृत सेवाभावी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विद्यापीठे यांनाही छोटे केंद्र काढता येऊ लागले. व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. शक्ती साधारण १०० वॉट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिकांनी स्थानिक पातळीवर केलेले असावे लागतात.

२००८ साली तेलंगणातील (तेव्हाचे आंध्र प्रदेश) माचनूर येथे गरीब दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी संस्थेचा रेडिओ आला. ज्या दुष्काळी माणदेशातून माडगूळकर पुणे केंद्रावर गेले, त्याच माणदेशाने आता स्वतःचे केंद्र उभारले, याचे मला फार अप्रूप वाटते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ही शेतकऱ्यांसाठी चालते. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. परवान्याला वेळ लागतो. वीज जाते. जाहिराती थोड्या मिळतात, त्यामुळे पगार भागवणे कठीण. एफएमच्या लहरी डोंगराच्या आड पोचत नाहीत, म्हणून सातपुड्यासारख्या भागात एका केंद्राने भागत नाही. आणि आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे दिवाळीनंतर ऊसतोडीला कित्येक कुटुंबे गुजरातेत जातात. त्यांच्या झोपडीपर्यंत गावचा रेडिओ कसा पोचणार? त्याला उत्तर मोबाईलचे आहे. तेच नाटक मोबाईलवर पाठवता येते आणि दिवसाची तोड संपल्यावर रात्री चुलीपाशी ऐकता येते.

आजपासून काय करता येईल?

केंद्र येईल तेव्हा येईल. तोवर थांबायचे कारण नाही. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सुचवतो.

१. पाच-सहा जणांचे मंडळ करा. त्यात निम्म्या स्त्रिया असू द्या. एक जण तरी असा असावा की ज्याला लिहिता येत नाही पण गोष्ट सांगता येते. तोच बहुधा सर्वांत उपयोगी ठरतो.

२. एका वेळी एकच गोष्ट सांगा. पाच मिनिटांच्या नाटकात एक सल्ला पुरे. आकडा असेल तर तो पात्राच्या तोंडी दोनदा येऊ द्या.

३. ऐकून झाल्यावर दहा मिनिटे बोला. कोणाला पटले नाही ते आधी विचारा. पुण्याच्या प्रयोगाचे सारे बळ त्यातच होते.

४. माहिती मात्र तपासून घ्या. बोली तुमची, विनोद तुमचा, पण औषधाचे नाव आणि प्रमाण कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा आमच्याकडून पक्के करा. विनोदातली चूक हसून सोडता येते, औषधाच्या प्रमाणातली सोडता येत नाही.

आणि फवारणीचा हंगाम जवळ आला की पहिले नाटक त्यावरच करा. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, निळा आणि हिरवा. वारा पाठीकडून किंवा आडवा घ्यावा. भर उन्हात फवारू नये. त्रास झाला तर माणसाला वावरातून बाहेर काढावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. एवढे पाच मिनिटांत बसते.

मागच्या पावसाळ्यात मी पुन्हा त्याच ओट्यावर बसलो होतो. आजी आता नाही. तिची नात शेंगा सोलत होती, मोबाईलवर आमचे तात्या-काकू चालू होते. नाटक संपले. आता ती पुढचे गाणे लावील असे मला वाटले. तिने शेंगांचे सूप बाजूला ठेवले, आत वळून हाक मारली, "बाबा, इकडे या, हे ऐका," आणि पुन्हा पहिल्यापासून लावले.

खिशात चार घड्या घातलेल्या त्या पत्रकाचे ओझे माझ्या मनावर अजून आहे. त्या संध्याकाळी ते थोडे हलके झाले.